खारी हवा, तापलेली पाती आणि प्लॅटिनम

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगला मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल लागलं आणि उरणचे दिवस पालटायला सुरुवात झाली. बॉम्बे हाय क्षेत्रातून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं ते २१ मे १९७६ रोजी. पहिली दोन वर्षं तेल जहाजांत भरून आणलं जाई. पण तेलाबरोबर वर येणारा गॅस असा भरून आणता येत नाही. त्याला नळ लागतो, आणि नळ नसेल तर तो तिथेच पेटवून द्यावा लागतो. १९७८ मध्ये समुद्राच्या तळावर नळ टाकून तेल आणि गॅस दोन्ही किनाऱ्यावर आणले गेले, ते उरणला.

आलेल्या गॅसवर वीज करायचं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळानं ठरवलं. उरणजवळ बोकडवीऱ्याला केंद्र उभं राहिलं. १९८२ मध्ये ६० मेगावॅटची चार गॅस टर्बाइन सुरू झाली, १९८५-८६ मध्ये १०८ मेगावॅटची आणखी चार. या यंत्रांच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून चालणारे १२० मेगावॅटचे दोन संच १९९४ मध्ये जोडले गेले. याच काळात नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी जात होत्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. उरणच्या यंत्रांचा इतिहास लिहिताना हे वगळून पुढं जाणं मला पटत नाही, म्हणून इथं नोंदवतो. या लेखाचा विषय मात्र त्या यंत्रांच्या पोटातला आहे.

तेल येण्याआधी उरणची ओळख तीन गोष्टींची होती: भात, मासळी आणि मीठ. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि राशी लावायच्या, हा आगरी समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. खाऱ्या हवेनं खिडकीचे गज कसे पोखरले जातात, पावसाळ्यात सायकलची साखळी किती दिवस टिकते, हे करंजा-मोऱ्याच्या कुठल्याही घरात विचारावं. पण तो थंड लोखंडाचा गंज. त्याला ओल लागते, वेळ लागतो, आणि रंगाचा हात दिला की तो काही वर्षं थोपवता येतो. हजार अंशांच्या आसपासच्या ज्वाळेत फिरणाऱ्या धातूला मीठ लागलं की जे होतं ते अगदी वेगळं असतं. या प्रकाराला तप्त क्षरण म्हणू. ते कसं होतं हे उलगडायला आणि त्यावर तोड काढायला जगातल्या धातुशास्त्रज्ञांची दोन-अडीच दशकं गेली.

गॅस टर्बाइन हे मुळात हवा गिळणारं यंत्र. शंभर मेगावॅटच्या आसपासचं यंत्र सेकंदाला चारशे किलोच्या घरात हवा आत ओढतं. तोंडाशी गाळण्या असतात, पण मिठाचे सूक्ष्म कण पूर्णपणे अडत नाहीत. वजनानं शंभर कोटी भाग हवेत अवघे दहा भाग मीठ आत गेलं असं धरून हिशेब केला, तर सेकंदाला चार मिलिग्रॅम होतं. म्हणजे दिवसाला सुमारे साडेतीनशे ग्रॅम. बॉम्बे हायचा गॅस वसईच्या समुद्रातल्या गॅसइतका गंधकयुक्त नाही, ही उरणची जमेची बाजू. वसईचा गंधकयुक्त गॅस हजिऱ्याला जातो. पण गंधक केवळ इंधनातूनच येतं असं नाही. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांत साडेसात टक्क्यांहून थोडं जास्त सल्फेटच असतं. म्हणजे इंधन कितीही स्वच्छ असलं तरी समुद्र आपला वाटा घालतोच.

सोडियम आणि गंधक ज्वाळेत एकत्र आले की सोडियम सल्फेट तयार होतं आणि पात्यांवर बसतं. त्याचा वितळबिंदू ८८४ अंश सेल्सिअस. साधारण ८५० ते ९५० अंशांच्या पट्ट्यात पात्यावर वितळलेल्या क्षाराचा पातळ थर पसरतो. पातं निकेलच्या मिश्रधातूचं असतं आणि त्याला तगवणारं असतं त्याच्यावर आपोआप तयार होणारं ॲल्युमिनियम किंवा क्रोमियम यांच्या ऑक्साइडचं पटल. ते काही मायक्रॉन जाडीचं असतं, पण तेवढं शाबूत असेल तर आतल्या धातूला ऑक्सिजन भेटत नाही. वितळलेला क्षार हे पटलच विरघळवतो. मग धातू उघडा पडतो, पृष्ठभाग फुगतो, फोड येतात, त्यांवर निकेल ऑक्साइडची हिरवट छटा दिसते, आणि त्याखालचा धातू सल्फाइडांनी पोखरलेला निघतो.

सुरुवातीला सगळा दोष गंधकावर टाकला गेला. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या युनायटेड एअरक्राफ्टच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या बॉर्नस्टाइन आणि डीक्रेसेंट यांनी दाखवून दिलं की घात गंधकानं तितका होत नाही, जितका वितळलेल्या क्षारात ऑक्साइड विरघळल्यानं होतो. पुढं ओहायो राज्य विद्यापीठात रॉबर्ट रॅप आणि गोटो यांनी या विरघळण्याचं गणित मांडलं. कुठल्या क्षारात, किती आम्लतेला, कुठलं ऑक्साइड किती विरघळतं, हे कळल्यावर लेप निवडणं केवळ अनुभवावर सोडायची गरज राहिली नाही.

गॅस टर्बाइनवर वीज करायला लागून तेव्हा तीस वर्षं उलटून गेली होती. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या नोशातेल शहरात ब्राऊन बोव्हेरीनं चार मेगावॅटचं पहिलं केंद्र बसवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत पहिलं जेट विमान उडालं. १९४७ मध्ये ब्रिटिश नौदलानं एका तोफनौकेवर गॅस टर्बाइन चढवलं. पहिल्या यंत्रांत पात्यांशी तापमान इतकं कमी होतं की क्षार वितळायचा प्रश्नच फारसा नव्हता. कार्यक्षमता हवी तर तापमान वाढवावं लागतं, आणि ते वाढवत नेलं तसा समुद्राकाठचा आणि समुद्रावरचा हा शत्रू समोर आला. त्यात आणखी एक पेच होता. उष्णतेत पातं ताकदवान राहावं म्हणून मिश्रधातूत क्रोमियम कमी करून ॲल्युमिनियम, टायटॅनियम, मॉलिब्डेनम वाढवलं गेलं. ताकद वाढली, पण क्षाराला तोंड देण्याची शक्ती घटली. मग ताकद पात्यानं द्यावी आणि बचाव लेपानं करावा, अशी कामाची वाटणी झाली. टर्बाइनच्या इतिहासात मिश्रधातूंची नावं मोठ्या अक्षरांत येतात आणि लेपांची तळटिपेत. मला ही वाटणी न्याय्य वाटत नाही. लेप नसता तर ते मिश्रधातू समुद्राकाठी टिकलेच नसते.

लेपाची मूळ रीत आपल्याकडच्या जुन्या माणसाला ओळखीची वाटेल. कल्हईवाला पितळेचं भांडं भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो आणि कथिल फिरवतो. नवसागर धातूवरचा मळ काढतो आणि कथिल बसतं. टर्बाइनच्या पात्याला ॲल्युमिनियम चढवतानाही पेटीत तोच नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, घालतात. ॲल्युमिनियमचा स्रोत असलेली पूड, तिच्यात ॲल्युमिना आणि थोडा नवसागर. त्यात पाती पुरून पेटी बंद करायची आणि हजार अंशांच्या आसपास तापवायची. नवसागराची वाफ होते, तिच्यातला क्लोरीन ॲल्युमिनियमला उचलून पात्यापर्यंत नेतो आणि तिथं सोडतो. कथिलाचा थर भांड्यावर बसतो. ॲल्युमिनियम मात्र निकेलच्या आत शिरून त्याच्याशी संयुग करतं. पन्नास-साठ मायक्रॉनचा निकेल ॲल्युमिनाइडचा थर तयार होतो, आणि पातं कामाला लागलं की त्यावर ॲल्युमिनाचं पटल धरतं. पटल उडालं तर थरातलं ॲल्युमिनियम पुन्हा नवं पटल घडवतं. थरातला साठा संपेपर्यंत हे चालतं.

साठा दोन वाटांनी संपतो. बाहेर पटल घडवण्यात, आणि आत पात्याच्या धातूत झिरपण्यात. दुसरी वाट बंद करावी या विचारातून प्लॅटिनम या गोष्टीत शिरतं. जर्मनीतल्या डॉइचे एडेलश्टालवेर्के या पोलाद कंपनीत कार्ल बुंगार्ट, ग्युंटर लेनर्ट आणि हेल्मुट माइनहार्ट यांनी पात्यावर आधी प्लॅटिनमचा पातळ मुलामा दिला आणि मग ॲल्युमिनियम चढवलं. त्यांचं अमेरिकी पेटंट जुलै १९७२ चं आहे. लेप ‘एलडीसी-२’ या नावानं ओळखला गेला. प्लॅटिनमचा थर मध्ये भिंत होऊन बसेल आणि ॲल्युमिनियमला आत झिरपू देणार नाही, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात लेप कापून पाहिला तर प्लॅटिनम भिंत होऊन बसलंच नव्हतं. ते ॲल्युमिनियमबरोबर वरच्या भागातच राहिलं होतं, काही ठिकाणी प्लॅटिनम-ॲल्युमिनियमचं स्वतंत्र संयुग होऊन, बाकी निकेल ॲल्युमिनाइडमध्ये मिसळून. कल्पना फसली, लेप मात्र साध्या ॲल्युमिनाइडपेक्षा कितीतरी जास्त टिकला. का टिकला, हे शोधण्यात पुढची चाळीस वर्षं अनेक प्रयोगशाळा गुंतल्या. या साऱ्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो: हाती आलेला निकाल अपेक्षेशी जुळत नसतानाही त्या तिघांनी तो टाकून दिला नाही.

तुलनेचा एक प्रयोग उरणच्या वाचकाला जवळचा वाटेल. जनरल इलेक्ट्रिकनं वीजनिर्मितीच्या एका यंत्रात एकाच चाकावर लेप असलेली आणि लेप नसलेली पाती शेजारी-शेजारी बसवली. मिश्रधातू दोन्हींचा एकच, आयएन-७३८. यंत्र चालत होतं गंधकयुक्त नैसर्गिक गॅसवर आणि आजूबाजूच्या मातीत सोडियम भरपूर. म्हणजे गॅस आणि मीठ, हीच जोडी. ११,३०० तासांनंतर पाती काढली. उघड्या पात्याच्या आत क्षरण खोलवर गेलं होतं. प्लॅटिनम-ॲल्युमिनियमचा लेप दिलेल्या पात्याचा मूळ धातू शाबूत होता. एकाच ज्वाळेत, एकाच वाऱ्यात, एकाच चाकावर फिरलेली ही दोन पाती. त्या कंपनीनं जमिनीवरच्या अवजड यंत्रांसाठी ठरवलेला पहिला लेप हाच होता: सुमारे सहा मायक्रॉन प्लॅटिनम विजेच्या साहाय्यानं चढवायचं आणि मग पेटीत इतर धातू मुरवायचे.

सहा-सात मायक्रॉन म्हणजे किती प्लॅटिनम? शंभर चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग धरला आणि घनता २१.४५ घेतली, तर दीड ग्रॅमच्या आसपास. एका पात्यापुरतं एवढंच. पण चाकावर डझनावारी पाती असतात आणि प्लॅटिनमचा भाव खाणीवर अवलंबून. जगाचं बहुतेक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड पट्ट्यातून येतं. म्हणून हा लेप परवडतो की नाही हा प्रश्न कायम राहिला. अमेरिकेत क्रोमॲलॉय कंपनीचा ‘आरटी-२२’ आला. ब्रिटनमध्ये जॉन्सन मॅथी आणि रोल्स-रॉइस यांनी मिळून ‘जेएमएल-१’ काढला आणि विंग आणि मॅकगिल यांनी १९८१ मध्ये त्याचा वृत्तान्त छापला. फ्रान्समध्ये १९८० च्या दशकात स्वस्त पर्याय म्हणून पॅलेडियमवर काम झालं. नुसतं पॅलेडियम हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं, म्हणून त्यात निकेल मिसळावं लागलं.

आता मूळ प्रश्न. प्लॅटिनम करतं काय? ॲल्युमिनाच्या पटलात ते जवळजवळ शिरत नाही. ढाल ॲल्युमिनाचीच राहते. प्लॅटिनमची कामगिरी तिच्या खाली आहे. एक, त्याच्या सान्निध्यात कमी ॲल्युमिनियम असतानाही निखळ ॲल्युमिना धरतं, त्यामुळं साठा जास्त काळ पुरतो. दोन, पात्यातून वर सरकणारी टंगस्टन, मॉलिब्डेनम, टायटॅनियम यांसारखी मूलद्रव्यं वरच्या थरात फार येऊ शकत नाहीत. ती पटलात मिसळली असती तर पटल कमकुवत झालं असतं. तीन, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: पटल धातूला घट्ट चिकटून राहतं. मिश्रधातूत दशलक्षांत काही भाग एवढं गंधक असलं तरी ते पटल आणि धातू यांच्या सीमेवर जमतं आणि चिकटपणा घालवतं. नासाचे जेम्स स्मायलेक यांनी गंधक काढून टाकलेल्या मिश्रधातूवर पटल किती टिकतं ते दाखवलं होतं. प्लॅटिनम असलं की गंधकाचा हा उपद्रव कमी होतो आणि सीमेवर पोकळ्याही कमी पडतात.

त्याची मर्यादाही स्पष्ट आहे, आणि ती समुद्रावर कळली. अमेरिकन नौदलाच्या मालवाहतुकीसाठी १९६७ पासून धावणाऱ्या ‘ॲडमिरल कॅलहन’ या जहाजावर १९७० च्या दशकात एलएम २५०० या टर्बाइनची चाचणी झाली. जहाज पूर्ण वेगानं न जाता मंद चाललं की पात्यांचं तापमान उतरतं. मग क्षरण थांबायला हवं, असं वाटेल. झालं उलट. ६५० ते ७५० अंशांच्या पट्ट्यात, सोडियम सल्फेट एकटं वितळायच्या कितीतरी खाली, पात्यांना खड्डे पडले. कारण त्या पात्यांवरच्या लेपात कोबाल्ट होतं. त्याचं सल्फेट बनतं आणि दोन्ही सल्फेटांचं मिश्रण ५६५ अंशांनाच वितळतं. हा दुसऱ्या जातीचा हल्ला. इथं प्लॅटिनम ॲल्युमिनाइड फारसं वाचवत नाही. इथं क्रोमियम लागतं, आणि भरपूर. पुढं जमिनीवरच्या अवजड यंत्रांत निकेल-कोबाल्ट-क्रोमियम-ॲल्युमिनियम-इट्रियम यांचे फवाऱ्यानं चढवलेले लेप जास्त रुळले, त्यामागं असे लेप गरजेनुसार जुळवता येतात हे एक कारण आहे. महाग धातू म्हणजे सगळ्यांवर इलाज, असं या क्षेत्रात कुणी जाणता माणूस म्हणणार नाही.

विमानांच्या इंजिनांत मात्र प्लॅटिनमनं जागा पक्की केली, आणि नवं कामही मिळवलं. पात्यावर झिर्कोनियाचा उष्णतारोधक चिनीमातीसारखा थर देतात, त्याला धरून ठेवणारा मधला थर बऱ्याच इंजिनांत प्लॅटिनम ॲल्युमिनाइडचा असतो. या विषयावरचा २००२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला आणि आजही हमखास उद्धृत होणारा लेख नितिन पडतुरे यांनी मॉरिस जेल आणि एरिक जॉर्डन यांच्याबरोबर लिहिला. पडतुरे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेतले दीपक दास यांनी वकील सिंग आणि श्रीकांत जोशी यांच्यासोबत २००० मध्ये सीएम-२४७ या मिश्रधातूवर साधा आणि प्लॅटिनमयुक्त ॲल्युमिनाइड लेप तापवून-थंड करून तपासले. दास यांचा या लेपांवरचा विस्तृत आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे परदेशात पेटंटबंद झालेली ही विद्या आपल्याकडे स्वतःच्या कष्टानं उभी राहिली. उरणच्या किनाऱ्यावरून ये-जा करणाऱ्या नौदलाच्या जहाजांशी तिचा थेट संबंध आहे. माझगाव गोदीत बांधलेली आणि एप्रिल २०१० मध्ये नौदलात दाखल झालेली ‘शिवालिक’ त्याच एलएम २५०० जातीच्या टर्बाइनवरही चालते, ज्याची पाती १९७० च्या दशकात ‘कॅलहन’वर खड्डे पडून निघाली होती.

उरणच्या वीज केंद्राची गोष्ट पुढं वेगळ्या वळणावर गेली. २००५ मध्ये विद्युत मंडळाचं विभाजन झालं आणि केंद्र महानिर्मितीकडे आलं. ६० मेगावॅटचे जुने संच निवृत्त झाले. १०८ चे चार आणि उष्णता वापरणारे १२० चे दोन मिळून क्षमता ६७२ मेगावॅट राहिली. पण बॉम्बे हायचा गॅस पूर्वीसारखा येईना, आणि केंद्र क्षमतेपेक्षा बरंच कमी चालवावं लागलं. गॅसचा तुटवडा ही एरवी पैशाची आणि विजेची बातमी. पात्यांच्या बाजूनं पाहिलं तर ती धातुशास्त्राचीही बातमी आहे. सलग चालणाऱ्या यंत्रात पटल एकदा धरलं की शांत वाढत राहतं. गॅस असेल तेव्हा सुरू आणि नसेल तेव्हा बंद अशा यंत्रात ते दर खेपेला थंड होताना आकसतं. धातू जास्त आकसतो, ॲल्युमिना कमी, आणि सीमेवर ताण येऊन पटल सुटतं. अर्ध्या भारावर चालवलं तर पाती दुसऱ्या जातीच्या हल्ल्याच्या पट्ट्यात येतात. बंद पडलेल्या यंत्रात पावसाळ्याची दमट खारी हवा शिरून राहते ती वेगळीच. समुद्राकाठच्या अशा केंद्रात पुढच्या मोठ्या दुरुस्तीला पाती बदलताना लेप ठरवायचा, तर यंत्राच्या कमाल तापमानाइतकंच ते वर्षातून किती वेळा थांबतं आणि किती भारावर चालतं, हे आधी पाहावं लागतं. चालू-बंद वारंवार असेल आणि चालताना पूर्ण भार असेल, तिथं पटल चिकटवून ठेवणारं प्लॅटिनम आपली किंमत वसूल करतं. महिनोन्‌महिने अर्ध्या भारावर ठेवायचं असेल, तर ते पैसे क्रोमियमच्या थरावर आणि हवेच्या चांगल्या गाळण्यांवर घातलेले बरे.